वाचक विचारतात : जानेतची सेबिबा

प्रश्न : सहारा वाळवंटातील तुआरेग लोकांच्या एका उत्सवाचे छायाचित्र पाहण्यात आले. तोंड झाकलेले पुरुष तलवारी घेऊन गोलाकार उभे आहेत आणि जवळच स्त्रिया वाद्ये वाजवीत आहेत. हे युद्धनृत्य आहे काय?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ते छायाचित्र सेबिबा या वार्षिक सोहळ्याचे असावे. अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, लिबियाच्या सीमेजवळ, तासिली नाज्जेर या खडकाळ पठाराला लागून जानेत नावाचे मरूद्यान आहे. खजुरीच्या बागांभोवती तेथे जुन्या वस्त्या वसल्या असून त्यांना ‘क्सर’ म्हणतात. त्यांपैकी एल मिहान आणि झेलुआझ या दोन क्सरांमधील पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस हाच सेबिबाचा गाभा आहे.

हा सोहळा मोहरम महिन्यात दहा दिवस चालतो. पहिल्या नऊ दिवसांना ‘तिमुलाविन’ म्हणतात. या काळात नाचणारे पुरुष आणि गाणाऱ्या स्त्रिया आपापल्या वस्तीचे प्रतिनिधित्व करण्याचा मान मिळावा म्हणून चढाओढ करतात. ज्यांची निवड होते ते दहाव्या दिवशी योद्ध्याच्या वेषात, अंगावर चांदीचे ताईत आणि दागिने घालून ‘लोग्या’ या ठरलेल्या जागी येतात. तेथे पुरुष रिंगण धरतात आणि हातातील तलवारी सतत हलवून खणखणवत ठेवतात. स्त्रियांचे गाणे आणि वाद्यांचा ठेका चालू असेपर्यंत हा आवाज खंडू द्यायचा नसतो. दिवस मावळला की मंडळी पांगतात.

वेष युद्धाचा आहे, हत्यारे खरी आहेत, समोर प्रतिस्पर्धी वस्तीची माणसे आहेत. तरीही याला युद्धनृत्य म्हणणे मला पटत नाही. दोन वस्त्यांमध्ये उसळू शकणारी हिंसा येथे प्रतीकरूपाने खेळून घेतली जाते आणि त्यायोगे ती टाळली जाते. युनेस्कोने 2014 मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत सेबिबाचा समावेश केला, तेव्हा तिचे हेच कार्य आवर्जून नोंदवले. मला विशेष वाटते ते हे, की हा सलोखा एकदा ठरवून बासनात बांधून ठेवलेला नाही. दरवर्षी दोन्ही वस्त्या हत्यारांनिशी समोरासमोर येतात, ईर्षेने नाचतात, गातात, आणि कोणावरही वार न करता घरी परततात.

प्रश्न : मोहरमचा दहावा दिवस शोकाचा मानला जातो. मग त्या दिवशी नृत्य आणि वादन कसे?

उत्तर : शंका रास्त आहे. इसवी सन 680 मध्ये करबला येथे इमाम हुसेन यांना याच दिवशी हौतात्म्य आले आणि त्या स्मरणाने शिया समाज हा दिवस शोकात घालवतो. सुन्नी परंपरेत मात्र आशुरा, म्हणजे दहावा दिवस, आणखी एका घटनेशी जोडलेला आहे : मूसा पैगंबर आणि त्यांचे लोक फिरऔनच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, तावडीतून सुटले तो हा दिवस. अल्जीरियातील मुसलमान बहुतांशी सुन्नी आहेत. फिरऔन आपल्या सैन्यासह समुद्रात बुडाल्याची वार्ता कानी आली, तेव्हा इथल्या लोकांनी आनंदाने नाच केला आणि आपसांतले वैर मिटवले, अशी कथा जानेतमध्ये सांगितली जाते. इतिहासाच्या कसोटीवर ती घासून पाहण्याचे कारण नाही. दूरच्या एका जुलमी राजाचा अंत आणि शेजारच्या वस्तीशी झालेला समेट ही दोन्ही सुखे या कथेने एका दिवसात गुंफली आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : छायाचित्रात वाद्ये स्त्रियांच्या हातात आहेत आणि तोंडे पुरुषांची झाकलेली आहेत. तुआरेगांमध्ये अशीच रीत आहे काय?

उत्तर : होय. तुआरेग पुरुष वयात आला की ‘तागेलमुस्त’ नावाचे लांब मुंडासे बांधू लागतो; त्याचा एक पदर नाकातोंडावरून घेतलेला असतो. स्त्रियांचा चेहरा मात्र उघडा असतो. निळीत रंगवलेल्या या कापडाचा रंग कातडीला लागतो, त्यावरून परक्यांनी त्यांना ‘निळे लोक’ हे नाव दिले.

सेबिबाच्या वाद्याला ‘गंगा’ म्हणतात. आपल्या नदीशी या नावाचा काही संबंध नाही. सहाराच्या दक्षिणेकडील हौसा भाषेतही ढोलाला हाच शब्द आहे. पुष्कळदा लोक ‘तेंदे’ हे दुसरे तुआरेग वाद्य आणि गंगा यांची गल्लत करतात. तेंदेची घडण मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. धान्य कांडायचे लाकडी उखळ घेतात, त्याच्या तोंडावर शेळीचे ओले कातडे ताणून दोरीने आवळतात आणि दोन्ही बाजूंना एकेक मुसळ आडवे बांधतात. त्या मुसळांवर बायका बसल्या की त्यांच्या भाराने कातडे ताणले जाते आणि ठोका खणखणीत उमटतो. गाणी संपली, कातडे सोडले की उखळ पुन्हा कांडणाला मोकळे. तिसरे वाद्य ‘इमझाद’, एका तारेचे आणि गजाने वाजवायचे. तेही स्त्रियाच वाजवतात. अल्जीरिया, माली आणि नायजर या तीन देशांतील इमझादच्या परंपरेला युनेस्कोच्या त्याच यादीत 2013 मध्ये स्थान मिळाले. तलवारींकडे पाहणाऱ्याचे लक्ष आधी जाते हे खरे, परंतु सेबिबाची लय स्त्रियांच्या हातात आहे आणि पुरुषांची पावले त्या लयीवर पडतात.

प्रश्न : ही कला नव्या पिढीला कोण शिकवते?

उत्तर : घरातील आणि वस्तीतील वडीलधारी माणसेच. गाणी तोंडी जातात, नाच पाहून शिकला जातो. लागणारे पोषाख, हत्यारे, दागिने आणि वाद्ये बनवणारे व दुरुस्त करणारे कारागीरही त्याच समाजातले आहेत.

प्रश्न : सेबिबा पाहायला कोणत्या महिन्यात जावे?

उत्तर : इस्लामी पंचांगात अधिक मास नसल्याने हा दिवस दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. 2014 मध्ये तो नोव्हेंबरच्या आरंभी आला होता, 2025 मध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जानेतला प्रवासी एरवी हिवाळ्यात जातात, कारण उन्हाळ्यात तेथील ऊन सोसवत नाही. 2030 मध्ये आशुरा मे महिन्यात येईल आणि त्यानंतर हळूहळू सुसह्य दिवसांकडे सरकेल. नेमकी तारीख चंद्रदर्शनावर ठरत असल्याने हाताशी दोन-तीन दिवस राखून ठेवावेत, आणि जमल्यास तिमुलाविनच्या दिवसांपासूनच तेथे मुक्काम करावा, म्हणजे निवडीची चुरसही पाहता येईल.