पेशीविभाजनाचं जनुक काढलं की जीवाणू कमी का चिकटतो?

तुमचा प्रश्न असा: ई. कोलाय या जीवाणूमधलं मिनडी हे विभाजनाचं जनुक काढलं तर तो माणसाच्या पेशींना कमी चिकटतो, असं वाचलं. पण चिकटण्याची जनुकं तर वेगळी असतात ना?

हो, वेगळीच असतात. हा परिणाम ओ१५७:एच७ या प्रकारात दिसला आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गर खाऊन लोकांना रक्ताचे जुलाब झाले, तेव्हा हा प्रकार ओळखला गेला. हा जीवाणू आतड्याच्या पेशीत टिर नावाचं आपलंच प्रथिन टोचतो. ते पेशीच्या पटलात जाऊन बसतं आणि जीवाणूवरचं इंटिमिन हे प्रथिन त्याला घट्ट धरतं. म्हणजे पकडायचा खुंटासुद्धा तो स्वतःच ठोकतो! यात मिनडीचा थेट हात नाही.

मिनडी जनुकापासून बनणारं प्रथिन (तेही मिनडीच) पेशीचा मध्य सांभाळतं. एफटीएसझेड प्रथिनाचं कडं जिथे बनतं, तिथे पेशी दुभंगते. मिनडी आणि त्याचं जोडीदार प्रथिन मिनसी मिळून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत फेऱ्या मारतात आणि टोकांशी कडं बनू देत नाहीत. मिनडी गेलं की टोकालाच विभाजन होतं. तिथून गुणसूत्र नसलेल्या चिमुकल्या पेशी सुटतात, तर बाकीच्या लांबच लांब होतात. टोचण्याची यंत्रणा आणि इंटिमिन दोन्ही जीवाणूच्या आवरणातच रोवलेली असतात. अशा बेढब पेशीत त्यांचं काम बिघडू शकतं, असं मला वाटतं. पण एवढ्यावरून मिनडीला ‘चिकटण्याचं जनुक’ म्हणणं मला पटत नाही.

मूत्राशयातल्या ई. कोलायमध्ये तर विभाजन थांबणंच त्याच्या पथ्यावर पडतं. सुलए प्रथिन एफटीएसझेडला अडवतं, जीवाणू धाग्यासारखा लांबतो आणि पांढऱ्या पेशींच्या तावडीतून सुटतो. उंदरांवरच्या प्रयोगात सुलए नसलेले जीवाणू पहिल्यांदा पेशीत शिरले, पण पुढे संसर्ग टिकवू शकले नाहीत.

असा शोधनिबंध वाचताना मी आधी बघते, की चिकटलेले जीवाणू मोजले कसे. प्लेटवर वसाहती, म्हणजे जीवाणू वाढून दिसणारे ठिपके, मोजल्या असतील तर घोळ होतो. लांब धागा कितीही मोठा असला तरी त्याची वसाहत एकच, आणि गुणसूत्र नसलेल्या पेशीची तर उगवतच नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीही हवी. शिवाय प्लाझ्मिडवरून (म्हणजे डीएनएच्या छोट्या वेगळ्या कड्यावरून) मिनडी परत दिल्यावर आकार आणि चिकटणं दोन्ही पूर्ववत होतात का, हे तपासलेलं असायला हवं.