सौर प्रकल्पाला माळ भाड्यानं द्यावा का?

प्रश्न: औसा तालुक्यात वडिलांच्या नावे सात एकर जमीन आहे. चार एकर मुरमाड माळ, तीन एकर विहिरीखाली. वीज उपकेंद्र जवळ असल्यानं सौर प्रकल्पवाले २५ वर्षांच्या करारानं एकरी वर्षाला ५० हजार देतो म्हणतात. धाकटा भाऊ म्हणतो सगळीच देऊन टाकू. वडील म्हणतात, जमीन हातची जाईल. काय करावं?

उत्तर: माळ द्या. विहिरीखालचं रान देऊ नका.

माळावर पाऊस साधला तर एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरू. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. तो मिळाला तरी एकरी ३२ हजारच होतात, आणि बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणीत निम्म्याहून जास्त जातात. आडतीत हमीभाव मिळतोच असंही नाही, हे लातूरकडच्या माणसाला मी काय सांगणार? तिथं न पेरता ५० हजार येत असतील तर फार विचार करायला नको.

हा दर एजंटानं ठरवलेला नाही. कृषिपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आहे, तिच्यात हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार भाडं आणि दरवर्षी मूळ रकमेवर ३ टक्के सरळ वाढ आहे. वैजापूरकडे धोंदलगावला या योजनेतला ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरूही झाला. सरकारचाही यात स्वार्थ आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे, म्हणजे ते तिजोरीतून महावितरणला भरावं लागतं. उपकेंद्राशेजारी सुमारे तीन रुपये युनिटनं दिवसाची वीज मिळाली की तो बोजा हलका होतो. नुसती खैरात असती तर मी एवढ्या खात्रीनं सांगितलं नसतं.

मात्र कंपनी योजनेबाहेरची असेल तर हा दर तिला बांधील नाही. करारात योजनेचं नाव आहे का, ते आधी पाहा.

खरी मेख त्या ३ टक्क्यांत आहे. सरळ वाढ म्हणजे दरवर्षी दीड हजारच. पंचविसाव्या वर्षी एकरी ८६ हजार मिळतील. महागाई ६ टक्के धरली तर ते आजचे जेमतेम २१ हजार. पाण्याखालच्या रानाचं उत्पन्न निदान भावाबरोबर वर सरकतं, म्हणून ते सोडू नका. उलट तिथं ठिबक करा. केंद्र आणि राज्य मिळून पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला ८० टक्के, त्यावरच्यांना ७५ टक्के अनुदान आहे. तुम्ही ७५ मध्ये बसता.

माळाचे वर्षाला दोन लाख येतील. त्यातले ६० हजार दरवर्षी पीपीएफमध्ये, म्हणजे १५ वर्षांच्या सरकारी बचत खात्यात टाका. आजचा ७.१ टक्के दर टिकला तर १५ वर्षांत सव्वासोळा लाखांच्या आसपास जमतात. सुरुवातीच्या वर्षांतच हे केलं पाहिजे, कारण भाड्याला जोर तेव्हाच असतो. पहिल्या हप्त्यातून बुलेट घ्यायचा बेत भावानं आखलाच असेल, त्याला थोपवा.

कराबद्दल गैरसमज नको. जमिनीचं असलं तरी हे भाडं शेती उत्पन्न नाही, कारण त्या जमिनीवर शेती होणार नाही. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो, तेव्हा भरावं बहुधा काही लागणार नाही. रिटर्न मात्र भरा.

वडिलांची भीती अनाठायी नाही, पण भाडेपट्ट्यानं मालकी जात नाही. ती धोक्यात येते करारातल्या बारीक ओळींनी. कंपनी बँकेकडून कर्ज घेणारच. तारण फक्त तिचा भाडेपट्ट्याचा हक्क आणि यंत्रं असावीत, तुमच्या सातबाऱ्यावर त्याचा बोजा चढता कामा नये. तुमचं स्वतःचं पीककर्ज त्या गटावर असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी घ्या. जमीन आजोबांची असेल तर आत्यांची नावंही पाहा. त्यांच्या सह्यांशिवाय झालेला करार भावकीत दहा वर्षं कोर्टात फिरवतो. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. भाडं थकलं तर किती महिन्यांनी करार मोडता येईल आणि मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाय कोण उखडून नेणार, हे दोन्ही लिहून घ्या.

एजंट 'फाईल चार्ज' मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. जमीन तुमची आहे, पैसे तुम्हाला मिळायचे आहेत.