सहल आखते एकटी, रुसतात सगळे

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येऊ लागते आणि ती नाताळच्या सुट्टीपर्यंत टिकते. "घरातल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस कुठे जायचे ठरवले, तर आखणी मी एकटीने करायची, आणि काही बिनसले तर बोलणीही मीच खायची." वडीलही क्वचित हे बोलतात, पण बहुतेक वेळा बोलणारी आईच असते. वरवर पाहता एवढ्यासाठी समुपदेशकाकडे येण्याचे कारण नाही, असे वाटेल. माझा अनुभव निराळा आहे. घर एरवी कसे चालते, हे महिन्याभराच्या हकिकतीपेक्षा एका दिवसाच्या सहलीच्या आखणीत अधिक स्पष्ट दिसते. पुढे सांगितलेल्या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. किनारा मात्र तोच ठेवला आहे.

पुण्यात नोकरी करणारे हे दांपत्य. थोरला मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर, धाकटी मुलगी नऊ वर्षांची, आणि घरात सासूबाई. गाव वेंगुर्ला तालुक्यात, परुळ्याच्या बाजूला. डिसेंबरमध्ये गावी गेल्यावर भोगव्याच्या लांबलचक, निवांत किनाऱ्यावरून चालत जायचे, दक्षिणेच्या टोकाला असलेल्या टेकडीवरचा निवतीचा किल्ला चढायचा आणि पलीकडे निवतीच्या किनाऱ्यावर उतरायचे, असा त्या बाईंचा मनोदय होता. पहिल्या भेटीत त्यांनी मला मोबाइलवर एक तक्ता दाखवला. निघण्याची वेळ, खाऊ, औषधे, प्रत्येकाचे कपडे, अगदी कोणी कोणत्या पिशवीचा बंद धरायचा, इथपर्यंत सारे त्यात होते.

"या तक्त्यात तुमच्या यजमानांकडे काय काम आहे?" मी विचारले.

"गाडी चालवणे."

"आणि मुलाकडे?"

"त्याने फक्त तोंड वाकडे न करता यावे, एवढेच."

यजमान शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "हिने इतके चोख ठरवलेले असते की आम्हाला चूक काढण्याखेरीज काही उरतच नाही." हे वाक्य बाईंना लागले, आणि ते स्वाभाविक होते, पण त्या घराचे दुखणे त्यात नेमके सापडले होते. ज्याला काही करायचे नसते, तो प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकाला शेरे मारण्यावाचून दुसरे काम नसते.

मी ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांच्या विचारांना मानणारा आहे, हे लपवण्याचे कारण नाही. आपण या घराचे आहोत, ही जाणीव माणसाला लाड करून घेतल्याने येत नसून घरासाठी काही खरे काम केल्याने येते, असा त्या विचाराचा गाभा आहे. त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी यातूनच घरातल्या लहानथोरांनी ठरावीक वेळी समोरासमोर बसून घरचे निर्णय घेण्याच्या बैठकीचा आग्रह धरला. आजकाल नव्या पद्धतींची नावे फार ऐकू येतात, आणि त्यांतल्या काही चांगल्याही आहेत; पण भारतीय एकत्र कुटुंबाला ही जुनी बैठक जितकी मानवते, तितके दुसरे काही मानवलेले मी पाहिलेले नाही. म्हणून पुढच्या भेटीला मी सर्वांनाच बोलावले. "आईंना कशाला? त्यांचे गुडघे दुखतात, त्या कुठे चालणार आहेत?" असे बाईंनी विचारले. चालणार नसल्या तरी त्या घरात राहतात, एवढेच मी म्हणालो.

त्या बैठकीची सुरुवात रुक्ष झाली. मुलगा खाली पाहत होता. बाईंनी तारीख सांगितली: शनिवार, पौर्णिमेच्या आसपास, सकाळी दहाला निघायचे. तोपर्यंत गप्प असलेल्या आजी एकदम म्हणाल्या, "पुनवेक दुपारी उधाण असता. दर्यो वर इलो की घट्ट वाळू पाण्याखाली जाता. मगे चलतलास खंय?"

खोलीत कोणी बोलेना. मग मुलाने विचारले, "आजी, तुला न बघता कसे कळते?" आजींनी हिशेब मांडला. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचे आणि चाराने भागायचे. येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणून सव्वाअकरा. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास पाणी सर्वांत खाली. "अष्टमीक भांग असता, दर्यो जास्त उसळणा नाय," त्या म्हणाल्या. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण. अष्टमीला ती काटकोनात असते, म्हणून भांग, म्हणजे कमी जोराची भरती, हे मुलाने भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले होते, पण त्याचा आजीशी काही संबंध असेल, असे त्याला कधी वाटले नव्हते. त्याने तिथल्या तिथे आठ दिवसांच्या भरतीच्या वेळा काढल्या आणि मोबाइलवरच्या कोष्टकाशी ताडून पाहिल्या. फरक थोडाच निघाला. मला त्या क्षणी मध्ये बोलण्याचा मोह झाला होता, तो मी आवरला, आणि ते योग्यच झाले, असे आजही वाटते.

"आई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलेत?" बाईंनी विचारले. आवाजात थोडा राग होता.

"माका कोणी इचारलाच नाय."

यानंतर त्या बाई बराच वेळ रडल्या. तक्त्यात जिची जागा "गुडघेदुखीचे मलम" एवढीच होती, तीच त्या घरात समुद्र जाणणारी एकटी व्यक्ती होती, हे त्यांना उमगले, असे वर्णन मी सहज करू शकेन. पण त्या स्वतः जे म्हणाल्या, ते अधिक खोल होते. "मी कोणाला विचारत नाही, कारण विचारले आणि त्यांनी नीट केले, तर मग माझे काय काम?" सारे ओझे एकटीने उचलणाऱ्या व्यक्तीकडे बाहेरून पाहताना आपल्याला तिचा त्याग दिसतो, त्या ओझ्यामुळे घरात तिचे स्थान पक्के होत असते, हे सहसा दिसत नाही, आणि म्हणूनच "तू सगळे करू नकोस" हा उपदेश अशा व्यक्तीला कधीच पटत नाही. तिचे स्थान ओझ्याविनाही पक्के आहे, हे आधी दिसावे लागते.

नवी आखणी त्याच बैठकीत झाली. दिवस अष्टमीचा, सकाळी आठला निघायचे, कारण ओहोटीच्या काळात ओल्या घट्ट वाळूवरून चालणे सोपे जाते आणि ऊन चढण्यापूर्वी किल्ला गाठता येतो. आजींनी रिक्षाने थेट निवतीला जायचे आणि जेवण तिथे घेऊन यायचे, म्हणजे चालणे एकाच दिशेचे राहते. रिक्षा ठरवणे यजमानांकडे. पाणी माणशी दोन लिटर, आणि दर अर्ध्या तासाने सर्वांना थांबवून पाजणे धाकटीकडे. वाट, वेळ आणि परत फिरण्याचा निर्णय मुलाकडे: साडेअकरापर्यंत किल्ला आला नाही, तर मागे वळायचे, आणि त्यावर वाद घालायचा नाही. बाईंकडे केवळ स्वतःची पिशवी. हे काम त्यांना सर्वांत जड गेले.

सहल झाली. वाटेत यजमानांना भोगव्यालाच पाण्यात उतरायचे होते, तेव्हा मुलाने नकार दिला. निर्जन ठिकाणी समुद्रात जायचे नाही, पोहायचे तर निवतीला कोळ्यांची वस्ती आहे तिथे त्यांना विचारून, हे ठरलेले होते. एरवी हा नकार आईच्या तोंडून आला असता आणि दिवस तिथेच बिघडला असता. या वेळी वडील कुरकुरत बूट पुन्हा घालू लागले. जेवणात मीठ विसरले होते, आणि परतताना रिक्षावाल्याच्या भाड्यावरून नवरा-बायकोत जुंपलीही. बाईंनी मला हे हसत सांगितले.

ज्यांना असेच करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे. काम देताना ते खरे असावे. ते नीट झाले नाही तर सहलीवर परिणाम होईल, इतके खरे. किशोरवयीन मुलाला "तू येच" असा आग्रह धरण्याऐवजी त्याच्या निर्णयावर आपण सर्व चालणार आहोत, हे दाखवावे, आणि मग त्याने चुकीचे वळण घेतले, तरी जीवाला धोका नसेल तोवर गप्प राहावे. धोका असेल तिथे मात्र मतदान नसते. पावसाळ्यात अशा वाटा आणि समुद्र दोन्ही टाळावेत, आणि खाडीच्या मुखाजवळ प्रवाह जोराचा असतो, हे लहानांना आधीच सांगावे. घरात समुद्रकाठचे कोणी नसेल, तर भरतीची वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकात पाहावी आणि गावातल्या मच्छीमाराला विचारून घ्यावी. बैठक निघण्याच्या आदल्या रात्री घेऊ नये. तेव्हा सगळे दमलेले असतात आणि आईने पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. दोन आठवडे आधी, जेवणानंतर, मोबाइल बाजूला ठेवून बसावे, आणि पहिला प्रश्न घरातल्या सर्वांत गप्प माणसाला विचारावा.