आधी ऐकू येतंय का ते बघ

अगं, मेसेज वाचला तुझा. मायक्रोशियाचं, म्हणजे जन्मतःच बाहेरचा कान नीट न बनलेलं बाळ पहिल्यांदाच बघितलंस आणि आईला काय सांगावं ते सुचेना म्हणतेस, त्यात कमीपणा काही नाही, मलाही पहिल्या वेळी सुचलं नव्हतं.

आईने टोपी कानावर ओढलेली असेल तर तू काढू नकोस, तिलाच काढू दे. कानाच्या जागी शेंगदाण्याएवढा गोळा, खाली पाळीचा तुकडा आणि नळीचं भोकच नाही, असं दिसलं की सगळ्यांची नजर तिथेच अडकते, आपलीसुद्धा. बहुतेकदा हे एकाच बाजूला असतं, त्यातही उजवीकडे जास्त. म्हणून दुसऱ्या, छान दिसणाऱ्या कानाची बेरा टेस्ट, म्हणजे झोपलेल्या बाळाला किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी, विसरू नकोस बाई, बाळाचं बोलणं त्या कानावर अवलंबून आहे. चेहरा एका बाजूला लहान वाटतोय का, तेही बघ आणि तसं असेल तर किडनीतही दोष असू शकतो, म्हणून तिची सोनोग्राफी सांग.

दोन्ही नळ्या बंद असल्या तरी आतला कॉक्लिया, म्हणजे ऐकण्याचा शंखासारखा भाग, बहुतेक वेळा चांगला असतो, आवाजाची वाट तेवढी अडलेली असते. मग डोक्याला बांधायच्या मऊ पट्ट्यावरचं बोन कंडक्शन मशीन, म्हणजे हाडातून आवाज आत पोचवणारं यंत्र, पहिल्या काही महिन्यांतच लावायचं. ते चालू केल्यावर हातपाय मारणारं बाळ एकदम थांबतं आणि डोळे मोठे करून आईकडे बघतं, ते एकदा तरी जवळून बघच.

नवीन कान बरगडीच्या कूर्चेपासून करतात, पण साधारण सहा ते दहा वर्षांचं झाल्यावर, आणि त्या नव्या कानाने ऐकू येत नाही, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग. कान नुसता दुमडलेला किंवा कातडीखाली दडलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा मऊ असते, मोल्डिंगने, म्हणजे साचा लावून ठेवल्याने, आकार येतो, तेव्हा वाट बघत बसू नकोस.

आणि आई विचारेलच, माझं काय चुकलं? कान गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात सहा छोट्या उंचवट्यांपासून बनायला लागतो, तोवर कितीतरी जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनसारख्या गोळ्यांबद्दल विचारावं लागतंच, पण आवाजात आरोप नको, कारण बहुतेक घरांत काहीच कारण सापडत नाही. तेच तिला सांग, शेजारी बसून.

बेराची तारीख आजच घे. रिपोर्ट आला की मला पाठव, आपण मिळून बघू.