आधी लिहून घे, मग मॅच लाव

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

येत्या 13 मेला रामबागेतल्या हॉलमध्ये पंधरा जण जमवायचे, मॅन्चेस्टर सिटीने 2012 साली क्वीन्स पार्क रेंजर्सला (क्यूपीआर) हरवून शेवटच्या घटकेला जिंकलेल्या इंग्लिश प्रीमियर लीगच्या आठवणी काढायच्या, हा तुझा बेत मला आवडला. क्रिकेटवेड्या इंदूरात फुटबॉलसाठी पंधरा माणसं म्हणजे गर्दीच. फक्त तू क्रम उलटा लावला आहेस. आधी पडद्यावर गोल दाखवायचे आणि मग लोकांना बोलतं करायचं, असं तू लिहिलंस. तसं केलंस तर कुणाचीच आठवण हाती लागणार नाही. सगळे नुकतीच पाहिलेली क्लिप सांगतील.

म्हणून पहिली वीस मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. प्रत्येकाला एक कोरं पोस्टकार्डाएवढं कार्ड आणि पेन दे. पाच प्रश्न पुरेत. मॅच कुठे आणि कुणाबरोबर पाहिली? क्यूपीआरच्या जोई बार्टनला रेड कार्ड मिळालं तेव्हा स्कोअर काय होता? त्याच वेळी मॅन्चेस्टर युनायटेडच्या मॅचमध्ये काय चाललं होतं? शेवटच्या गोलाला पास कुणी दिला? सिटीला जिंकणं भाग होतं की बरोबरी चालली असती? प्रश्नात उत्तर लपवू नकोस. ‘बार्टन गेल्यावर सिटीला सोपं झालं का?’ असं विचारलंस की समोरचा मान डोलावतो आणि मग तीच त्याची आठवण होऊन बसते. कार्ड लिहून झाली की गोळा करून एका पाकिटात घाल आणि पाकीट बंद कर. हे टाळलं तर काय होतं ते तुला माहीत आहे: हॉलमध्ये एक भिया असा असतोच, ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा. तो सुरू झाला की दहा मिनिटांत बाकीचे चौदा जण त्याचीच मॅच पाहिलेले असतात. त्यात कुणी खोटं बोलत नाही. दुसऱ्याने ठासून सांगितलेला तपशील आपल्या आठवणीत मिसळतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही.

आता तू स्वतः काय पक्कं करून ठेवायचं ते सांगतो, कारण वाद मिटवायला तुलाच उभं राहावं लागेल. एका मोठ्या कागदावर मिनिटांचा तक्ता कर. तीन रकाने ठेव: सिटीचं मैदान, संडरलँडचं मैदान (युनायटेड तिथे खेळत होतं) आणि ‘त्या क्षणी चॅम्पियन कोण’. हा तिसरा रकाना लोक विसरतात, आणि खरी मॅच तिथेच आहे.

शेवटच्या दिवसाआधी सिटी आणि युनायटेड दोघांचे 86 गुण होते. गोलफरकात (केलेले वजा खाल्लेले गोल; गुण सारखे झाले तर यावर ठरतं) सिटी अधिक 63, युनायटेड अधिक 55. म्हणजे दोघं जिंकले तर सिटी, दोघांची बरोबरी झाली तरी सिटी. युनायटेड जिंकलं आणि सिटीची बरोबरी झाली, तर मात्र युनायटेड. संडरलँडला विसाव्या मिनिटाला रूनीने गोल केला, युनायटेड वर. 39व्या मिनिटाला झाबालेटाचा गोल, सिटी वर. 48व्या मिनिटाला सिटीच्या लेस्कॉटचं हेडर चुकलं, क्यूपीआरच्या जिब्रिल सिसेने बरोबरी केली, पुन्हा युनायटेड वर. इथून पुढे 93 मिनिटं 20 सेकंदांना अग्वेरोने सिटीचा तिसरा गोल करेपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक अख्खा हाफ, चॅम्पियन युनायटेड होतं. मधे क्यूपीआर 2-1 ने पुढे गेलं होतं; सिटीच्या जेकोने 91 मिनिटं 15 सेकंदांना 2-2 केलं तेव्हासुद्धा तिसऱ्या रकान्यात काहीच बदललं नाही. बरोबरीला सिटीचे 87 गुण झाले असते, युनायटेडचे 89. जेकोचा गोल आठवताना लोकांचा चेहरा उजळतो खरा, पण त्या गोलाने फक्त दार किलकिलं झालं.

तक्त्यात या पंचेचाळीस मिनिटांना जागा भरपूर ठेव. कार्यक्रमाचाही अर्धा वेळ तिथेच घालव. अग्वेरोचा गोल सगळ्यांनी इतक्यांदा पाहिला आहे की त्याबद्दल नवीन काही मिळणार नाही. त्याआधीच्या पाऊण तासात कोण टीव्ही बंद करून उठला, कुणी चॅनल बदलला (आयपीएलचा हंगाम होता आणि वार रविवार, तेव्हा रिमोटवरून घराघरात काय झालं असेल ते विचारूच नकोस), कोण शेवटपर्यंत बसून राहिला, हे ऐकण्यासारखं असतं.

याच टप्प्यात आठवणी जास्त घसरतात. बार्टन बाहेर गेला 55व्या मिनिटाला, स्कोअर 1-1 असताना. क्यूपीआरच्या मॅकीचा गोल त्यानंतर, 66व्या मिनिटाला, ट्राओरेच्या क्रॉसवर हेडरने. म्हणजे क्यूपीआरने आघाडी घेतली ती दहा माणसांनिशी. कार्डांवर हे उलटं लिहिलेलं सापडलं तर नवल नाही, कारण ‘आधी आघाडी, मग माणूस गेला, मग कोसळले’ ही गोष्ट जास्त सरळ वाटते आणि मन सरळ गोष्ट पसंत करतं. दुसरी गल्लत सिटीच्या याया टूरेची. तो दुखापतीने पहिला हाफ संपतानाच बाहेर गेला होता, तरी दुसऱ्या हाफच्या आठवणीत लोक त्याला मैदानात उभा करतात. तिसरी गल्लत अशी की क्यूपीआर जिवावर उदार होऊन खेळले, कारण हरले असते तर खालच्या डिव्हिजनमध्ये गेले असते. ते हरले आणि तरी वाचले. त्यांच्या खालच्या बोल्टनची स्टोकशी 2-2 बरोबरी झाली, क्यूपीआर 37, बोल्टन 36. पण एक गुण हाताशी असता तर बोल्टन जिंकूनही क्यूपीआर गोलफरकावर वाचले असते, म्हणून ते गोलसमोर भिंत बांधून उभे होते. हा हिशेब बोर्डावर मांडून दाखव, मग त्या भिंतीचा अर्थ कळतो.

शेवटच्या गोलाची साखळी मात्र तोंडपाठ ठेव. जेकोचा गोल डेव्हिड सिल्वाच्या कॉर्नरवर. मग क्यूपीआरचा किक-ऑफ. त्यांनी चेंडू लांब मारून थेट बाहेर घालवला आणि सिटीला थ्रो-इन मिळाला. डी जाँग चेंडू घेऊन पुढे आला, त्याने अग्वेरोला दिला, अग्वेरोने बालोटेलीला, आणि बालोटेलीने पडता पडता पायाने ढकलला. प्रीमियर लीगच्या साऱ्या कारकिर्दीत गोलासाठी त्याने दिलेला हा एकुलता एक पास. अग्वेरोने क्यूपीआरच्या ताइवोच्या टॅकलमधून चेंडू बाजूला काढला आणि गोलकीपर पॅडी केनीच्या जवळच्या खांबाकडून आत मारला. किक-ऑफ बाहेर गेला हे कुणाच्या कार्डावर सापडलं, तर त्या माणसाला नंतर जास्त वेळ दे. त्याने मॅच पाहिली आहे.

वेळेचीही एक कसोटी आहे. तिकडे दुपारी तीनला सुरुवात, म्हणजे आपल्याकडे साडेसात. शेवटचा गोल सव्वानऊ ते साडेनऊच्या मधे. कुणी सांगितलं की दुपारी झोपेतून उठून पाहिला, तर त्याने पाहिली ती दुसऱ्या दिवसाची क्लिप. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खाताना कळलं असं कुणी म्हटलं, तर ते चालण्यासारखं आहे. तसंच समालोचक मार्टिन टायलरचा अग्वेरोच्या नावाचा तो लांबवलेला उच्चार ब्रिटनमधल्या स्काय चॅनलच्या प्रक्षेपणातला. तो त्या रात्री कानावर आला की नंतर मोबाइलवर, एवढंच शांतपणे विचार. कुणाला खोटं पाडू नकोस. क्लिपमधली आठवणसुद्धा आठवणच आहे, फक्त वहीत ‘नंतरची’ अशी खूण कर.

युनायटेडचे निदान दोन पाठीराखे बोलाव, आणि त्यांना शेवटी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर बोलू दे. शेवटी ठेवलंस तर तोवर चेष्टा इतकी झालेली असते की ते दोन वाक्यांत आटपतात. त्यांच्याकडचा माल वेगळा आहे: त्यांची मॅच 1-0 ने आधी संपली होती, खेळाडू मैदानातच ताटकळत उभे होते आणि मग दुसऱ्या गावची बातमी आली. आठ गुणांची आघाडी सहा सामने बाकी असताना कशी वितळली, तेही त्यांनाच विचार. सिटीवाल्यांना तो एप्रिल धूसर आठवतो, यांना एकेक मॅच आठवते.

प्रत्येकाला तीन मिनिटं. बोलणं फोनवर रेकॉर्ड कर, पण मे महिना आहे, हॉलमध्ये कूलर घरघरत असणार. रेकॉर्डिंगमध्ये फक्त तोच ऐकू येतो. एकेका वक्त्यापुरता कूलर बंद ठेव, पंखा सगळ्यात हळू, फोन विमान मोडवर आणि घडी केलेल्या रुमालावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. थेट टेबलावर ठेवलास तर कुणी बोट आपटलं तरी ढोल वाजल्यासारखं येतं. आणि पोहे रेकॉर्डिंग झाल्यावरच वाढ. वर शेव घातली की पंधरा जणांच्या चावण्यात एक वाक्य धड ऐकू येणार नाही. माणशी 75 ग्रॅम कोरडे पोहे धरले तर सव्वा किलोला थोडे कमी लागतील. भिजवून, फोडणी देऊन वाफेवर ठेवलेस तर तासभर मऊ राहतात. जिरावण (वरून घालायचा मसाला) वेगळं ठेव.

मग मॅच लाव, आणि पूर्ण लाव. पाच मिनिटांच्या हायलाइट्समध्ये सिटीने 44 फटके मारले हे कळतं, पण त्यातले बहुतेक फुकट गेले तेव्हा वेळ कसा जात होता ते कळत नाही. पूर्ण मॅच जमत नसेल तर 48 ते 94 एवढा तुकडा न कापता दाखव. तेव्हा पाकीट फोड आणि कार्डं तक्त्याशी पडताळ.

कुणी म्हणेलच, परदेशी क्लबाचं एवढं काय. तेव्हा 31 मे 2015 काढ: आपल्या आय-लीगचा निर्णायक सामना, बंगळुरूचं कांतीरवा मैदान, मोहन बागानला बरोबरी पुरेशी, बंगळुरूला विजय हवा. जॉन्सनच्या गोलाने बंगळुरू पुढे, आणि 87व्या मिनिटाला सोनी नॉर्डेच्या कॉर्नरवर बेल्लो रझाकचं हेडर. बागान 39, बंगळुरू 37. तक्त्यातला तिसरा रकाना तिथेही तसाच चालतो, फक्त बरोबरीचा गोल तिथे सगळं बदलतो आणि जेकोच्या बरोबरीच्या गोलाने काहीच बदललं नव्हतं. ही जोडी शेजारीशेजारी लावलीस तर बोलणं आणखी तासभर चालेल, तेव्हा हॉल दहापर्यंत नव्हे, साडेदहापर्यंत मागून घे.

कागद, पेनं आणि जास्तीची एक्स्टेन्शन वायर आदल्या दिवशीच आणून ठेव. प्रोजेक्टरची वायर हटकून सॉकेटपासून दोन हात कमी पडते.

तुझा,
मामा