किडनी रक्त ‘गाळते’ की ‘शुद्ध करते’?

पुण्यातल्या एका डायलिसिस केंद्रासाठी रुग्णांच्या माहितीपत्रकाचा मजकूर तपासणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: किडनी रक्त ‘गाळते’ असं लिहावं की ‘शुद्ध करते’? शिवाय मूत्रपिंड बरं की वृक्क, आणि हा वृक्क आला तरी कुठून?

ताई, ‘शुद्ध करते’ हे मी काढून टाकेन. ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ ही जोडी आपण शाळेत शिकलो ती फुफ्फुसांच्या धड्यात. एक ऑक्सिजन घेऊन आलेलं, दुसरं देऊन परतणारं. चित्रात एक लाल, एक निळं. म्हणजे मराठीत ही जागा आधीच भरलेली आहे. शिवाय ‘रक्तशुद्धी’ म्हटलं की घरोघरी आठवतो तो पुटकुळ्यांवरचा काढा. सगळेच काढे बिघडलेल्या किडनीला झेपत नाहीत, त्यामुळे तुमच्या वाचकाला त्या वाटेला नेणारा शब्द पत्रकात नको.

‘गाळणे’ मात्र थांबून पाहण्यासारखा शब्द आहे. आपण चहा गाळतो तेव्हा हवा तो चहा खाली कपात येतो आणि चोथा गाळणीत राहतो. ‘किडनी रक्त गाळते’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हेच येतं: चांगलं रक्त खाली उतरलं, घाण वर अडकली. किडनीत घडतं ते नेमकं उलटं. प्रत्येक किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे हे काम करणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. त्या गुच्छातून झिरपतं ते पाणी, आणि त्यासोबत मीठ, साखर, युरिया असं बारीकसारीक विरघळलेलं सगळं. मोठ्या चणीच्या रक्तपेशी आणि प्रथिनं वरच राहतात. जपायचं ते वर, झिरपतं ते खाली. त्यामुळे चहापेक्षा श्रीखंडासाठी पंच्यात बांधून टांगलेला चक्का या कामाच्या जास्त जवळ आहे.

तरी चक्क्याची उपमाही अर्ध्यावरच थांबते, कारण खाली ठिबकलेलं ते पाणी किडनी फेकून देत नाही. दिवसाला सुमारे 180 लिटर झिरपतं. आपल्याकडे घरपोच येणारे 20 लिटरचे जार असतात ना, तसे नऊ. आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. उरलेलं सगळं, शंभरातले नव्याण्णव भाग, नेफ्रॉनच्या लांबलचक नळीतून जाताना रक्तात परत घेतलं जातं. साखर तर निरोगी माणसात जवळजवळ कणन् कण परत येते. उलट काही पदार्थ, जादा पोटॅशियम आणि आम्ल, नळी रक्तातून उचलून मुद्दाम लघवीत सोडते. याला गाळणं म्हणून भागत नाही, हे निवडणं आहे. आपण तांदूळ निवडतो म्हणजे ठेवतो आणि खडे निवडतो म्हणजे टाकतो. ‘निवडणे’ या एकाच क्रियापदात ठेवणं आणि टाकणं दोन्ही मावतं. मला तो शब्द या कामासाठी फार नेमका वाटतो.

म्हणून माझी सूचना अशी: ‘किडनी रक्तातलं पाणी गाळून घेते, त्यातलं हवं ते निवडून रक्तात परत पाठवते आणि नको ते लघवीवाटे बाहेर टाकते.’ ‘रक्त गाळते’च्या जागी ‘रक्तातलं पाणी गाळून घेते’ एवढा बदल केला तरी चित्र सुलटं होतं. पाठ्यपुस्तकी ‘पुनःशोषण’ डॉक्टरांसाठी राहू द्या.

गाळणे आणि गळणे ही जोडीसुद्धा पत्रकात कामाला येईल. पडणे-पाडणे, मरणे-मारणे तसंच हे: एक आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. मूळ संस्कृत ‘गल्’, म्हणजे ठिबकणं. धड किडनी गाळते. तिच्या गुच्छांना इजा झाली की प्रथिनं गळतात. ‘लघवीतून प्रोटीन जातंय’ असं रुग्ण म्हणतात, त्याला ‘प्रोटीन गळतंय’ म्हटलं तर बिघाड कुठे आहे हेही त्या शब्दातच सांगून होतं.

तुमच्या मसुद्यातला ‘द्रव-नियमन’ हा मथळा बदलाच. ‘पाण्याचा आणि मिठाचा तोल’ असं लिहा. मे महिन्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना घाम गाळला (इथेही गाळणेच!) की लघवी थोडी आणि गडद होते. रक्त किंचित दाट झालेलं मेंदूला कळतं, तिथून एक संप्रेरक सुटतं आणि नेफ्रॉनच्या शेवटच्या टप्प्यातून जास्त पाणी परत घेतलं जातं. पावसाळी गारठ्यात घाम नसतो, तेव्हा तेच पाणी लघवीवाटे सोडून दिलं जातं. डायलिसिसवर असलेल्यांचा हा तोल मशीनला सांभाळावा लागतो. माझे मामा डायलिसिसहून घरी आले की ‘आज अडीच लिटर पाणी काढलं’ असं सांगायचे. तुमचे वाचक हीच भाषा बोलतात. डायलिसिसला ‘अपोहन’ असा पारिभाषिक शब्द आहे, पण तो या पत्रकात कुणाच्याच उपयोगी पडणार नाही.

आता वृक्क. हा शब्द फार जुना, वैदिक संस्कृतातला. आयुर्वेदात तो ‘वृक्कौ’ असा द्विवचनात भेटतो. गंमत म्हणजे चरकसंहितेत वृक्कांचा संबंध लघवीशी नाही, मेदाशी जोडला आहे: मेद, म्हणजे चरबी, वाहून नेणाऱ्या स्रोतसांचं (वाहिन्यांचं) मूळ म्हणजे वृक्क. मूत्राचा मान तिथे बस्तीला, म्हणजे मूत्राशयाला. किडनी चरबीच्या गादीत रुतलेली असते, हे पाहिलं की त्या जोडणीचं फारसं नवल वाटत नाही. ‘मूत्रपिंड’ हे नाव मात्र तिचं काम सांगतं.

मटणाच्या दुकानात आपण ‘गुर्दा’ मागतो तो आला फारसीतून, आणि तो वृक्काचा सख्खा भाऊ आहे. जुन्या इराणी भाषांतला आरंभीचा ‘वृ’ फारसीत ‘गु’ होतो. संस्कृतात लांडग्याला वृक, फारसीत गुर्ग. तसंच वृक्क आणि गुर्दा. तेव्हा ‘वृक्क शुद्ध आणि गुर्दा परका’ असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. दोघांचं घराणं एकच.

पत्रकात मी ‘किडनी’च ठेवेन, पहिल्या ओळीत एकदा ‘किडनी म्हणजे मूत्रपिंड’ असं सांगून. वृक्क शाळेच्या पुस्तकात शोभतो. तुमच्या वाचकाला तो वृक्षाची छपाईचूक वाटेल.

शुद्धलेखनाचं एक राहिलं. तुमच्या मसुद्यात ‘मूतखडा’ दीर्घ पडला आहे. ‘मूत्रपिंड’मधला मू दीर्घच, कारण शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला. पण मूत या मराठी शब्दाला पुढे खडा जोडला की फूल-फुलपाखरू या चालीवर ऊकार ऱ्हस्व होतो: मुतखडा.