माजी विद्यार्थी संघाच्या कार्यक्रमांना दर वर्षी तीच ती माणसं येतात. नव्या बॅचेस याव्यात म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाची कार्यकारिणी नुकतीच बदलली आहे आणि कार्यक्रमांची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे. वार्षिक मेळाव्याला जुनी ठरावीक मंडळी येतात, गेल्या दहा वर्षांतल्या बॅचेस फिरकत नाहीत. समितीत दोन तट आहेत, एकाला गाण्याचा कार्यक्रम हवा आहे आणि दुसऱ्याला व्याख्यानमाला. शिवाय सगळं ऑनलाइनच करून टाकावं का, हाही विचार चालू आहे.

मी बरीच वर्षं आमच्या विद्यापीठाच्या संघात कार्यक्रमांचं काम बघते. माझं स्पष्ट मत आहे की गाणं की व्याख्यान यावर भांडत बसू नका. ठरवताना प्रत्येक कार्यक्रमाबाबत एकच विचारा: येणाऱ्या माणसाला तिथे काही काम आहे का? नुसतं ऐकायला बोलावलं की माणूस एकदा येतो, फोटो काढतो आणि पुढच्या वर्षी त्याला नेमकं दुसरं काहीतरी निघतं. ज्याच्या अंगावर छोटी का होईना जबाबदारी आहे, तो येतोच आणि वर बॅचमधल्या चौघांना ओढून आणतो.

असे संघ सुरू झाले तेही काहीतरी करायचं होतं म्हणूनच. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर 1821 मध्ये काही विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडले आणि अ‍ॅमहर्स्टला नवं कॉलेज सुरू झालं. मागे राहिलेलं कॉलेज टिकतं की बंद पडतं अशी परिस्थिती होती. ते टिकावं म्हणून जुने विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी संघटना बांधली. आजही चालू असलेल्या माजी विद्यार्थी संघटनांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. तुमच्या विद्यापीठावर असं संकट नसेल, देव करो आणि नसो, पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय ही भावना सभासदाला मिळायला हवी.

आता नव्या बॅचेस का येत नाहीत ते बघू. पदवीनंतरची पहिली सात-आठ वर्षं धावपळीची असतात. नोकरी बदलते, गाव बदलतं, विद्यापीठाचा ईमेल बंद झालेला असतो, मोबाइल नंबरही बदलतो. तुमचं निमंत्रण त्यांच्यापर्यंत पोचतच नसण्याची शक्यता मोठी आहे. दुसरं कारण कुणी उघडपणे सांगत नाही. ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाची अनेकांना धास्ती असते. ज्याचं अजून बस्तान बसलेलं नाही, त्याला व्यासपीठावर मोठ्या हुद्द्यांची यादी वाचली जाताना खाली बसणं नकोसं होतं. म्हणून आम्ही ओळख करून देताना हुद्दा आणि कंपनी सांगणं बंद केलं. बिल्ल्यावर नाव, शाखा आणि बॅचचं वर्ष एवढंच लिहितो. बदल लहान आहे, पण त्यामुळे बोलणी वर्गातल्या गोष्टींपासून सुरू होतात.

या दोन्ही अडचणींवर मला सापडलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सध्याच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आयोजनात घेणं. पाहुणे म्हणून बोलावून मागच्या रांगेत बसवू नका. सूत्रसंचालन, ध्वनिव्यवस्था, नोंदणीचं टेबल, पोस्टर, वक्त्यांशी पत्रव्यवहार ही खरी कामं त्यांच्या हातात द्या. जी मुलगी या वर्षी माइक घेऊन प्रेक्षकांत फिरली, ती पुढच्या वर्षी तुमच्या संघाची सभासद असते. तिचा चालू नंबर तुमच्याकडे असतो आणि तिच्या बॅचला निरोप द्यायला तुम्हाला कुणाला शोधावं लागत नाही.

शैक्षणिक कार्यक्रमांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घोळ तिथे जास्त होतो. ‘यशाची वाटचाल’ छापाचं तासाभराचं भाषण विद्यार्थ्यांच्या काही कामाचं नसतं. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत रोज काय करावं लागलं, कुठलं शिकलेलं उपयोगी पडलं, कुठलं नव्याने शिकावं लागलं, पगाराची बोलणी कशी केली, नको असलेली नोकरी कशी सोडली, हे त्यांना ऐकायचं असतं. वक्त्याला महिनाभर आधी विद्यार्थ्यांनीच लिहिलेले तीन-चार प्रश्न पाठवा आणि बोलायला पंधरा मिनिटं द्या. उरलेला वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. वक्ता कितीही मोठा असला तरी वेळेची मर्यादा सगळ्यांना सारखीच पाहिजे.

व्याख्यानापेक्षा सराव मुलाखती मला कितीतरी मोलाच्या वाटतात. एका टेबलाशी एक माजी विद्यार्थी, समोर एक विद्यार्थी, वीस मिनिटं. एकदा मी शेजारी बसून ऐकत होते. मुलगा प्रकल्पाची माहिती घडाघडा पाठ म्हणावी तशी सांगत होता. समोरच्या बाईंनी त्याला थांबवलं आणि विचारलं, ‘या प्रकल्पात काय बिघडलं होतं आणि ते कुणी दुरुस्त केलं?’ तो गडबडला. मग हळूहळू सांगायला लागला की सेन्सर चुकीचे आकडे दाखवत होता, दोन दिवस सगळे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले आणि शेवटी सैल झालेली वायर त्याला सापडली. बाई म्हणाल्या, ‘मुलाखतीत हेच सांग. बाकीचं सगळं अर्जात लिहिलेलंच आहे.’ नोकरीत रोज माणसं पारखणाऱ्या माणसाकडूनच असा सल्ला मिळतो, आणि तो द्यायला तिला एक सुट्टीचा दिवस पुरला.

परिसंवाद ठेवायचा असेल तर विषय एक घ्या आणि माणसं वेगवेगळ्या शाखांतली आणि वेगवेगळ्या वर्षांची निवडा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वार्षिक पुनर्मीलनात माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांचे असे परिसंवाद होतात, वेगवेगळ्या बॅचची माणसं एका विषयावर एकत्र बोलतात. समजा विषय पाणी आहे. मग धरणाचं काम केलेला अभियंता, पाणीवाटपाचे खटले लढणारी वकील, पाण्यातले जंतू तपासणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि नदीकाठच्या वस्त्यांचे फोटो काढणारी छायाचित्रकार एका मंचावर आणता येतात. ही माणसं एकाच आवारात शिकली, पण शिकताना त्यांनी एकमेकांच्या इमारतीत पाऊलही टाकलेलं नसतं. सगळ्या शाखांची इतकी माणसं एका यादीत असण्याचं भाग्य फार थोड्या संस्थांना मिळतं. त्याचा उपयोग करा.

सांस्कृतिक कार्यक्रमांत बाहेरून कलाकार बोलावण्याचा मोह होतो. सभागृह भरतंही, पण त्यात तुमच्या संघाचं असं काही नसतं. बॅचेस मिसळून काहीतरी उभं करा. पूर्ण नाटकाला तालमी फार लागतात आणि नोकरी करणाऱ्यांना ते झेपत नाही, म्हणून आम्ही नाट्यवाचन करतो. संहिता हातात, नेपथ्य नाही, चार-पाच तालमी, त्यातल्याही दोन फोनवर. एका वाचनात निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद आणि द्वितीय वर्षाची मुलगी बाप-लेकीच्या भूमिकेत होते. तालमीत त्यांचं एक वाक्य फार लांबत होतं. तिने पेन्सिलने त्यांच्या संहितेत उभी रेघ मारली आणि म्हणाली, ‘इथेच थांबा काका, पुढचं मला तोडू द्या.’ त्यांनी ऐकलं, आणि प्रयोगात तो प्रसंग सगळ्यात चांगला झाला. पन्नास वर्षांचं अंतर असलेली दोन माणसं समान पातळीवर काम करतात असे प्रसंग एरवी कुठे येतात? संहितेच्या लेखकाची परवानगी मात्र आधी विचारून घ्या. कुठल्या प्रयोगाला ती लागते याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण पत्र पाठवण्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरा कार्यक्रम कुणालाही करता येईल असा आहे: जुन्या फोटोंची संध्याकाळ. सभासदांकडचे फोटो स्कॅन करून पडद्यावर दाखवायचे आणि माणसं ओळखायची. आमच्याकडे प्रयोगशाळेतले एक निवृत्त सहायक आले होते. मागच्या रांगेतल्या ज्या चेहऱ्यांची नावं वर्गमित्रांनाही आठवेनात, ती त्यांनी पटापट सांगितली, कारण वर्षानुवर्षं उपकरणं त्यांच्याच हातून दिली-घेतली गेली होती. सहीच्या वहीतली नावं त्यांच्या डोक्यात होती. अशा माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवा, आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. साधा मोबाइल पुरतो. बोलणाऱ्याची संमती, नाव, तारीख आणि ठिकाण सुरुवातीलाच त्याच्याच आवाजात घ्या, फाइलच्या प्रती तीन जागी ठेवा आणि एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या. इतिहास विभागातल्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता आलं तर ते शैक्षणिकही झालं आणि सांस्कृतिकही. तुमच्या समितीतल्या दोन्ही तटांना इथे एकत्र काम करता येईल.

मोठ्या वार्षिक मेळाव्याचा विचार करताना मला प्रिन्स्टनचीच मिरवणूक आठवते. पुनर्मीलनाच्या शनिवारी तिथे सगळ्या बॅचेस आपापल्या पोशाखात निघतात. पदवीचं पंचविसावं वर्ष साजरं करणारी बॅच पुढे, तिच्यामागे सर्वांत वयोवृद्ध माजी विद्यार्थी आणि मग क्रमाने तरुण होत जाणाऱ्या बॅचेस. तरुण मंडळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहून ज्येष्ठांसाठी टाळ्या वाजवतात आणि आपली पाळी आली की मागे सामील होतात. आलेल्या सर्वांत जुन्या बॅचच्या ज्येष्ठाच्या हातात चांदीच्या मुठीची एक काठी दिली जाते. तिथे एकही माणूस फक्त प्रेक्षक नसतो, म्हणून ही पद्धत मला इतकी आवडते. मिरवणुकीची नक्कल करायची गरज नाही. ज्येष्ठांचा मान आणि तरुणांचा सहभाग एकाच कृतीत कसा बसवला आहे ते मात्र बघण्यासारखं आहे.

ज्यांना येणं शक्यच नाही त्यांच्यासाठी लेखी काहीतरी हवं. हार्वर्डमध्ये दर पाच वर्षांनी प्रत्येक बॅचचा एक अहवाल निघतो, त्याला ‘रेड बुक’ म्हणतात. त्यात जो तो आपल्याबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहितो. तुमच्या स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांचे संदेश आणि फोटो कमी करून असे परिच्छेद छापलेत तर ती वाचली जाईल. लिहिताना आजारपण, बदललेली वाट, सुटलेली नोकरी याही गोष्टी याव्यात म्हणून पहिला परिच्छेद संघाच्या एखाद्या ज्येष्ठाकडून मोकळेपणाने लिहून घ्या. बाकीचे मग आपसूक मोकळे होतात.

ऑनलाइनबद्दल. सराव मुलाखती, मार्गदर्शन आणि लहान व्याख्यानं ऑनलाइन उत्तम होतात, उलट परदेशातले सभासद त्यामुळेच जोडले जातात. एकत्र गाणं-वाजवणं मात्र ऑनलाइन जमत नाही. आवाज पोचायला साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की ताल धरणं कठीण होतं, आणि व्हिडिओ कॉलमध्ये उशीर बहुधा त्याहून बराच असतो. समूहगीत करायचंच असेल तर प्रत्येकाने वेगळं ध्वनिमुद्रण पाठवावं आणि एकाने ते जुळवावं. कार्यक्रम सभागृहात आणि ऑनलाइन एकाच वेळी असेल तर पडद्यापलीकडच्यांचे प्रश्न वाचून दाखवायला एक माणूस फक्त त्याच कामासाठी नेमा. नाहीतर पंधरा मिनिटांत ती मंडळी निघून जातात.

पैशाचं थोडक्यात सांगते. विद्यार्थ्यांना आणि पदवी घेऊन दोन-तीन वर्षंच झालेल्यांना प्रवेश मोफत ठेवा. देणगीचं आवाहन कार्यक्रमाच्या मंचावरून करू नका, त्यासाठी वेगळं पत्र पाठवा. कार्यक्रमानंतर जमाखर्च सगळ्या सभासदांना कळवा, मोठा असो की लहान. संपर्कयादीही जपा. कुणाचा नंबर परवानगीशिवाय ग्रुपवर टाकू नका. युरोपात राहणारे सभासद असतील तर 2018 पासून लागू असलेला तिथला माहिती-संरक्षणाचा कायदा बराच कडक आहे, हेही लक्षात असू द्या.

पहिल्या वर्षी तीन कार्यक्रम पुरेत: सराव मुलाखतींचा एक दिवस, फोटोंची संध्याकाळ आणि वार्षिक मेळावा, ज्यात परिसंवाद आणि नाट्यवाचन दोन्ही बसेल. तारखा वर्षभर आधी जाहीर करा आणि काही झालं तरी बदलू नका, कारण लांबून येणारे रजा आणि तिकीट त्यावर ठरवतात. आणि दर वर्षी येणारी ती ठरावीक मंडळी म्हणजे तुमची अडचण समजू नका. शिक्षकांची नावं, जुने पत्ते, कोण कुणाच्या संपर्कात आहे हे सगळं त्यांनाच ठाऊक आहे. त्यांना एकत्र बसवा, प्रत्येकाला नव्या बॅचेसमधली पाच नावं द्या आणि मेसेज न पाठवता फोन करायला सांगा.